खान्देशातल्या बाजारातली मेमरी कार्डं: काय घ्यावं, कशाला हात लावू नये

जळगावचं गोलाणी मार्केट, धुळ्याचा पाचकंदील, सारंगखेड्याची यात्रा, कुठेही मेमरी कार्ड मागा. "वरिजनल शे का, भाऊ?" या प्रश्नाला "एक नंबर शे" याखेरीज दुसरं उत्तर मिळत नाही. दुकानदार दरवेळी खोटं बोलतो असंही नाही. बऱ्याचदा त्यालाच ठाऊक नसतं. पॅकिंग, होलोग्राम, क्यूआर कोड, सगळं छापता येतं. कार्ड काठोकाठ भरायचं आणि भरलेलं परत वाचून ताडून पाहायचं, ही एकच भरवशाची कसोटी. पुढे जे बरं-वाईट लिहिलं आहे ते तिलाच धरून.

आधी फसवणूक कशी चालते ते. कार्डात दोन भाग असतात: डेटा साठवणारी फ्लॅश चिप आणि तिचा हिशेब ठेवणारा कंट्रोलर. फोन किंवा कॉम्प्युटर क्षमता विचारतो ती कंट्रोलरला, आणि तो सांगेल ते खरं धरतो. बनावट कार्डात चिप 8 किंवा 16 जीबीची असते, कंट्रोलरला मात्र 128 सांगायला शिकवलेलं असतं. त्यामुळे प्रॉपर्टीजमध्ये आकडा बरोबर दिसतो, फॉरमॅटही बिनबोभाट होतं. खऱ्या जागेपुरता डेटा नीट बसतो. ती संपली की नवा डेटा एक तर जुन्याच्या डोक्यावर लिहिला जातो, नाही तर 'लिहिलं' म्हणून सांगून सरळ टाकून दिला जातो. फाइलींची यादी कार्डाच्या सुरुवातीलाच असते, ती बहुधा शाबूत राहते. म्हणून नाव, तारीख, साइज सगळं जागच्या जागी, आणि व्हिडिओ उघडला की काळा पडदा. डेटा फिरून त्या यादीवरच येऊन बसला, तर कार्ड अचानक 'फॉरमॅट करा' म्हणू लागतं. लोक व्हायरसला दोष देतात.

एक गैरसमज इथेच मिटवलेला बरा. 128 जीबीचं कार्ड विंडोजमध्ये 119 दाखवतं, 64 चं साडेएकोणसाठच्या आसपास, 256 चं 238. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या. बरेच फोन कंपनीच्याच हिशेबाने पूर्ण आकडा दाखवतात. नऊ जीबी कमी भरले म्हणून काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही. खोट्या कार्डातही तोच 119 दिसतो.

आता माल. सगळ्यात खालच्या पायरीवर आहेत गाणी भरून मिळणारी सुटी कार्डं: अहिराणी गाणी, कानबाईची गाणी, जुनी हिंदी. ट्रॅक्टरवरचा प्लेअर, ब्लूटूथ स्पीकर आणि साधा कीपॅड फोन यांच्यापुरतं हे चालेल. गाणं गेलं तर परत भरून मिळतं. 5 एमबीचं एक गाणं धरलं तर 8 जीबीत दीड हजार बसतात, म्हणजे मोठं कार्ड घ्यायचं कारणही नाही. कीपॅड फोन बहुतेक 32 जीबीपर्यंतचंच कार्ड घेतात. 64 पासून पुढची कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात, ती अशा फोनला वाचता येत नाहीत. तिथे दोष कार्डाचाही नाही, फोनचाही नाही. अशा सुट्या कार्डावर घरचे फोटो मात्र ठेवू नका. त्यातल्या चिपा अनेकदा दुय्यम प्रतीच्या किंवा जुन्या उपकरणांतून काढलेल्या असतात. क्षमता खरी निघाली तरी टिकण्याची हमी कोणी देत नाही.

त्याच्या वर ब्रँडचं सीलबंद कार्ड. खरी फसगत इथे होते, कारण इथे पैसे पूर्ण मोजलेले असतात. पाकीट फोडण्याआधी मागची बाजू वाचा. पॅकबंद मालाच्या 2011 च्या नियमांप्रमाणे आयात केलेल्या वस्तूवर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क असावा लागतो. हे स्टिकर नसेल तर माल एक तर चोरवाटेने आलेला आहे किंवा नकली, आणि दोन्हीत वॉरंटीचा घोळ ठरलेला. स्टिकर असलं म्हणजे माल खरा, असं मात्र नाही. तेही छापतात.

कार्डावरच्या खुणांमध्ये सगळ्यात कामाची आहे एचसी आणि एक्ससी. एसडीएचसी म्हणजे 32 जीबीपर्यंत, एसडीएक्ससी त्याहून मोठं ते 2 टीबीपर्यंत. 64 किंवा 128 च्या कार्डावर 'एचसी' छापलेलं दिसलं, तर पुढे काही तपासायची गरजच नाही, परत द्या. तसंच रोमन दोनचा आकडा, म्हणजे यूएचएस-टू ही जास्त वेगवान जोडणीची खूण, छापला असेल तर कार्डाच्या पाठीवर सोनेरी पिनांच्या दोन रांगा हव्यात. एकच रांग असेल तर छपाई खोटी. अक्षरं पुसट, लोगो वाकडा, कडा खरखरीत या खुणा लोक सांगतात खऱ्या, पण हल्लीच्या नकली छपाईत त्या दिसतीलच असं नाही. त्यांच्यावर फार विसंबू नये.

भावावरून अंदाज येतो, पण तुलना त्याच दिवसाच्या भावाशी करा. फ्लॅशचे दर वर्षभरात बरेच खालीवर होतात. दुकानात उभ्या उभ्या कंपनीच्या अधिकृत स्टोअरवर त्याच मॉडेलचा, त्याच क्षमतेचा भाव पाहायचा. दहा-पंधरा टक्के कमी असेल तर ठीक. निम्म्याने कमी असेल तर कोणतंही कारण पटवून घेऊ नका. 'फर्स्ट कॉपी' हा शब्द चपलांपुरता ठीक आहे; मेमरी कार्डात फर्स्ट कॉपी म्हणजे नकली, एवढाच अर्थ. ऑनलाइन घेताना ब्रँडपेक्षा 'विक्रेता कोण' ही ओळ महत्त्वाची. एकाच पानावर अनेक विक्रेते असतात आणि वरचे पाच हजार चांगले अभिप्राय भलत्याच विक्रेत्याच्या मालाचे असू शकतात. एक तारा देणाऱ्यांचे अभिप्राय आधी वाचा. तेही दोन-तीन महिन्यांनी लिहिलेले, कारण नकली कार्ड भरेपर्यंत कळत नाही.

भरून तपासणं

विंडोजवर यासाठी एच2टेस्टडब्ल्यू हा छोटा, फुकट प्रोग्राम आहे. जर्मनीतल्या एका कॉम्प्युटर नियतकालिकाच्या संपादकाने तो लिहिला. जुना आहे, पण आजही याच कामाला सगळ्यात चोख. कार्डावरचं सगळं काढून ते रिकामं करा. आधीचा डेटा असताना तपासणी लावली आणि कार्ड नकली निघालं, तर तो डेटा चिरडला जाईल. प्रोग्राम उघडून भाषा इंग्लिश करा, टार्गेटमध्ये कार्डाचं ड्राइव्ह अक्षर निवडा, 'ऑल अव्हेलेबल स्पेस' ठेवा आणि 'राइट प्लस व्हेरिफाय' दाबा. अक्षर निवडताना घाई नको. कॉम्प्युटरचाच दुसरा ड्राइव्ह निवडला तर तो भरत बसेल. प्रोग्राम कार्डावर 1 जीबीच्या फाइली लिहीत जातो, कार्ड भरलं की सगळ्या परत वाचून एकेक सेक्टर, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, ताडतो.

वेळ लागतो. साध्या यूएसबी 2 च्या रीडरवर सेकंदाला 15 एमबी वेग धरला तर 128 जीबी लिहायलाच जवळजवळ अडीच तास जातात, वाचायला आणखी दीड-दोन तास. यूएसबी 3 चा रीडर आणि चांगलं कार्ड असेल तर सगळं मिळून तासाभरात उरकतं. लॅपटॉपची स्लीप सेटिंग आधी बंद करा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लाइट असण्याची वेळ बघून बसा. मध्येच गेली आणि लिहिण्याचं काम तोवर पूर्ण झालेलं असेल, तर फाइली तशाच ठेवून नुसतं व्हेरिफाय परत चालवता येतं.

शेवटी हिरव्या खिडकीत 'टेस्ट फिनिश्ड विदाउट एरर्स' आलं की क्षमता खरी. लाल खिडकी आली तर किती डेटा नीट आणि किती हरवला हे आकड्यांत दिसतं. 128 पैकी 7 किंवा 14 जीबीच्या आसपास नीट आणि बाकी सगळं गेलेलं असेल, तर कार्ड नकली, वादच नाही. पण जवळपास सगळं नीट आणि थोडेसेच सेक्टर 'स्लाइटली चेंज्ड' दिसले तर कार्डावर आरोप करण्याआधी रीडर बदला. तीस-चाळीस रुपयांचे रीडर आणि सैल झालेले अडॅप्टर अशा चुका सर्रास करतात. दुसऱ्या रीडरवरही तेच आलं तर कार्ड सदोष.

लिनक्स आणि मॅकवर हेच काम एफ3 करतो. आधी 'राइट', मग 'रीड', दोन कमांडमध्ये निकाल. घाईचा पर्याय म्हणून विंडोजवर व्हॅलिड्राइव्ह आहे, 2023 मध्ये आलेला. तो कार्डावर सारख्या अंतरावरची 576 ठिकाणं लिहून-वाचून पाहतो आणि थोड्या वेळात नकाशा दाखवतो. लॅपटॉप घेऊन दुकानात गेलात तर काउंटरवरच निकाल लागतो, आणि दुकानदाराशी बोलायला नकाशासारखा पुरावा नाही. मात्र चिप दुबळी आहे का हे त्यात कळत नाही, घरी आल्यावर पूर्ण तपासणी करावीच लागते.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांनी फोनमधूनच कार्ड व्हिडिओंनी भरावं, पण व्हिडिओ वेगवेगळे हवेत. एकच फाइल पन्नास वेळा कॉपी केली, तर डोक्यावर लिहिली गेली तरी नेमकी तीच मिळू शकते आणि दोष लपतो. भरून झाल्यावर फोन बंद करून कार्ड काढा, परत घाला, मग शेवटी टाकलेले व्हिडिओ मध्यापासून आणि शेवटापासून चालवून पाहा. कार्ड न काढता पाहिलं तर फोन स्वतःच्या मेमरीतली प्रत दाखवू शकतो. गॅलरीत छोटी चित्रं दिसतात यावर तर मुळीच जाऊ नका, ती बहुतेक फोनमध्येच जपलेली असतात.

वेगाचंही याच तपासणीत कळतं. क्लास 10 आणि यू1 म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान 10 एमबी, यू3 आणि व्ही30 म्हणजे किमान 30. पुड्यावरचा 150 किंवा 200 चा मोठा आकडा वाचण्याचा असतो, तोही कंपनीच्या खास रीडरवरचा. साध्या यूएचएस-वन रीडरवर 90 च्या आसपास मिळाले तर कार्ड बरोबर आहे, कारण त्या जोडणीचीच कमाल मर्यादा 104 आहे. यूएसबी 3 च्या रीडरवर व्ही30 चं कार्ड लिहिताना 10-12 वर रखडत असेल, तर क्षमता खरी असली तरी लेबल खोटं आहे. हा प्रकार वाढला आहे: जागा पूर्ण, ब्रँड भलता. लॅपटॉपला स्वतःचा कार्ड स्लॉट आणि लिनक्स असेल, तर कार्डाच्या आत कोरलेला उत्पादकाचा कोडही वाचता येतो. सॅनडिस्कचा हेक्साडेसिमलमध्ये 03, सॅमसंगचा 1बी. यूएसबी रीडरमधून तो दिसत नाही.

कामाप्रमाणे कार्ड

शेतातल्या कॅमेऱ्यासाठी साधं कार्ड घेणं, हा आमच्या मते खान्देशातला सगळ्यात महागात पडणारा व्यवहार. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत, विहिरीवर, केबल आणि मोटार सांभाळायला सोलरवरचे सिमकार्डाचे कॅमेरे लागले आहेत. त्यात विक्रेता जे कार्ड 'फ्री' घालून देतो, ते आधी काढून तपासा. कॅमेरा 2 मेगाबिट वेगाने सतत रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला 21.6 जीबी होतात. 128 च्या खऱ्या कार्डात जेमतेम सहा दिवस बसतात, मग जुनं पुसून नवं सुरू. नकली कार्डात खरी जागा 8 जीबी असेल तर नऊ तासही धड नाहीत. ॲपमध्ये मात्र सहाही दिवसांच्या पट्ट्या निळ्या दिसतात. चोरी झाल्यावर त्या पट्टीवर बोट ठेवलं की काहीच नाही.

खरं पण साधं कार्डही इथे लवकर दमतं. फ्लॅशचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येतो. कॅमेरा छोटे छोटे तुकडे लिहितो, त्यापायी कंट्रोलरला आत प्रत्यक्षापेक्षा जास्त लिखाण करावं लागतं. त्यात बॅटरी उतरून मध्येच बंद पडणं, आणि वर मे महिन्यातलं जळगाव-भुसावळचं ऊन. पारा 45 च्या पुढे असताना बंद डब्यातला कॅमेरा आणि काचेमागचा डॅशकॅम किती तापत असेल ते सांगायला नको. अनेक कंपन्या साध्या कार्डांच्या वॉरंटीतून सीसीटीव्ही आणि डॅशकॅम स्पष्टच वगळतात. बारीक अक्षरं वाचा.

त्यासाठी एन्ड्युरन्स, म्हणजे सततचं लिखाण सोसणारी कार्डं वेगळी मिळतात, तीच घ्या. सॅनडिस्कच्या हाय एन्ड्युरन्सचं 128 जीबीचं कार्ड फुल एचडी रेकॉर्डिंगच्या 10,000 तासांसाठी आहे, मॅक्स एन्ड्युरन्सचं 60,000 तासांसाठी. सॅमसंग प्रो एन्ड्युरन्सचा 128 चा आकडा 70,080 तास, म्हणजे आठ वर्षं अखंड. नावं सारखी वाटतात पण हाय आणि मॅक्स यांत सहापट फरक आहे. 10,000 तास म्हणजे चौदा महिन्यांहून कमी. चोवीस तास चालणाऱ्या कॅमेऱ्याला हाय अपुरं, रोज दोन-तीन तास चालणाऱ्या गाडीच्या डॅशकॅमला पुरेसं. कॅमेरा किती जीबीपर्यंत कार्ड घेतो हे त्याच्या पुस्तिकेत पाहा, आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

कार्ड संपत आल्याची खूणही ओळखून ठेवा. फोटो पुसले, फॉरमॅट 'झालं', कार्ड काढून घातलं आणि जुने फोटो परत हजर. कंट्रोलरने कार्ड कुलूपबंद केलं आहे, आता फक्त वाचता येतं. हा नकलीपणा नाही, म्हातारपण आहे. डेटा उतरवून घ्या आणि कार्ड बदला.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना गणित वेगळं. 4के 100 मेगाबिटवर म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला 45 जीबी. याला व्ही30 भरपूर झालं, व्ही60 चे जादा पैसे घालवायचं कारण नाही, जोपर्यंत कॅमेऱ्याचा बिटरेट 240 मेगाबिटच्या पुढे जात नाही. हळदीपासून वरातीपर्यंत एकाच 256 वर घेण्यापेक्षा 64 ची चार कार्डं बरी; एक गेलं तर पाव लग्न जातं. दोन स्लॉटचा कॅमेरा असेल तर दोन्हीकडे एकाच वेळी रेकॉर्ड करा. फोनमध्ये ॲप ठेवण्यासाठी घ्यायचं असेल तर ए1 किंवा ए2 ची खूण पाहा, बाकी काही नाही.

यात्रेत आणि ऑनलाइन मिळणारा '2 टीबी'चा चकचकीत धातूचा पेनड्राइव्ह आणि '16 टीबी'ची खिशात मावणारी एसएसडी (फ्लॅश चिपांची डिस्क): शून्य गुण. घेऊच नका, तपासायचीही गरज नाही. कार्डांचंही तेच: एसडीएक्ससीची मर्यादाच 2 टीबी आहे, त्यामुळे 4 किंवा 8 टीबीचं एक्ससी कार्ड संभवतच नाही. अशा स्वस्त एसएसडी फोडल्या तेव्हा आत गरम गोंदाने चिकटवलेली दोन मायक्रोएसडी कार्डं आणि एक साधा यूएसबी बोर्ड सापडला आहे. वजन यावं म्हणून कवच जाड.

खऱ्या पोर्टेबल एसएसडीत सॅमसंग टी7 आणि क्रूशियलची एक्स मालिका भरवशाच्या, यूएसबी 3.2 जेन 2 पोर्टवर टी7 सेकंदाला 1,000 एमबीच्या आसपास जाते. सॅनडिस्क एक्स्ट्रीमच्या काही मोठ्या क्षमतेच्या ड्राइव्हबद्दल 2023 मध्ये डेटा जाण्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला फर्मवेअरची, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रामची, दुरुस्ती द्यावी लागली. जुना साठा मिळाला तर आधी फर्मवेअर अपडेट करा. नुसतं साठवून कपाटात ठेवायचं असेल तर मात्र साधी हार्डडिस्क घ्या. फ्लॅशमध्ये डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो, तो हळूहळू गळतो, आणि उष्णतेत जास्त लवकर. झिजत आलेल्या साध्या एसएसडीसाठी उद्योगाचं मानक वीज न देता 30 अंशांवर एक वर्ष एवढंच धरतं. आपल्याकडे पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात उन्हाळाभर 30 अंश कुठून राहणार? हार्डडिस्क सीगेट, डब्ल्यूडी किंवा तोशिबाची. आज बनवणारे हे तीनच आहेत. घरचे फोटो तीन ठिकाणी असावेत, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या गावी: बहिणीकडे, मामांकडे, कुठेही.

दुकान निवडताना एकच अट घाला: पक्कं बिल, त्यावर मॉडेल आणि क्षमता, आणि 'सात दिवसांत भरून तपासून बदलून देऊ' असा शब्द. बिल नको असेल तर पन्नास रुपये कमी, असं जिथे म्हणतात तिथून उठा. तपासणीत कार्ड नापास झालं तर लाल खिडकीचा फोटो काढा, कार्ड फॉरमॅट न करता दुकानात न्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. वॉरंटीत बदलून आलेलं कार्डही पुन्हा भरून तपासायचं. आणि बिल थर्मल कागदाचं असेल तर त्याच दिवशी त्याचा आणि कार्डाच्या पाठीवरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेलं ते बिल वॉरंटी मागायच्या आत काळं पडलेलं असतं.